हेलन केलर यांच्या दोन परीक्षा

विद्यापीठाची परीक्षा सर्वांस सारखी असावी, हें तत्त्व कोणासही मान्य होईल. परंतु सारखी प्रश्नपत्रिका आणि सारखा वेळ दिला म्हणजे परीक्षा सारखी झाली काय, या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं. अमेरिकेंतील हेलन केलर यांच्या विद्यार्थिदशेंत त्याचीं दोन निरनिराळीं उत्तरें दोन वर्षांच्या अंतरानें मिळालीं, आणि तींही एकाच महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारीं.

१८८० सालीं जन्मलेल्या केलर यांची दृष्टि आणि श्रवणशक्ति वयाच्या एकोणिसाव्या महिन्यांत आजारानें गेली. ॲन सलिव्हन या शिक्षिकेनें त्यांच्या हातावर बोटांनीं अक्षरें उमटवून त्यांना भाषा शिकविली. पुढें हार्वर्ड विद्यापीठाशीं संबद्ध असलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकण्याचा त्यांनीं निश्चय केला.

प्रवेशपरीक्षेचा पहिला भाग १८९७ सालीं झाला. टंकलेखनयंत्राच्या आवाजानें इतरांस अडथळा होऊं नये म्हणून केलर यांना स्वतंत्र खोली मिळाली. त्यांच्या शाळेचे प्रमुख आर्थर गिल्मन यांनीं प्रश्नपत्रिका बोटांच्या लिपीनें त्यांच्या हातावर वाचून दाखविल्या. उत्तरें केलर यांनीं यंत्रावर लिहिलीं. प्रश्नांचा कस कोठेंही कमी केलेला नव्हता; ते परीक्षार्थीपर्यंत पोंचण्याची वाट तेवढी निराळी होती. केलर सर्व विषयांत उत्तीर्ण झाल्या. जर्मन आणि इंग्रजी या विषयांत त्यांना विशेष श्रेणीही मिळाली.

दुसरा भाग १८९९ सालच्या जूनअखेर आला. या खेपेस सलिव्हन यांनीं प्रश्न वाचून दाखवावे, यास महाविद्यालयानें परवानगी दिली नाहीं. त्याऐवजीं एका अपरिचित शिक्षकाकडून प्रश्नपत्रिका ब्रेल लिपींत उतरवून घेण्यांत आल्या. वरवर पाहतां ही व्यवस्था अधिकच निर्दोष होती. परंतु इंग्रजी भाषेसाठीं त्या काळीं ठिपक्यांच्या एकाहून अधिक लिपी प्रचलित होत्या. केलर बीजगणित शिकल्या होत्या ते इंग्लंडच्या ब्रेल पद्धतीनें. प्रश्नपत्रिका उतरविल्या गेल्या अमेरिकन ब्रेलमध्यें. भाषाविषयांत त्यानें फारसें बिघडलें नाहीं; बीजगणिताचीं चिन्हें मात्र दोन्ही पद्धतींत वेगळीं होतीं. परीक्षेस दोनच दिवस उरले असतां ही गोष्ट उघडकीस आली. टपालानें चिन्हांचा तक्ता मागवून केलर त्याच्या अभ्यासास बसल्या. तरी आदल्या रात्रीपर्यंत कंस आणि मूलचिन्ह यांचा घोटाळा उलगडेना. एवढें होऊनही त्या उत्तीर्ण झाल्या. १९०० सालीं त्यांनीं रॅडक्लिफमध्यें प्रवेश घेतला आणि १९०४ सालीं सन्मानपूर्वक पदवी संपादन केली.

या दोन प्रसंगांतील फरक सूक्ष्म आहे. सोय दोन्ही वेळां केलेली होती. पहिली सोय विद्यार्थिनीच्या अभ्यासाच्या रीतीस अनुसरून होती. म्हणून परीक्षा तिच्या ज्ञानाची झाली. दुसरी सोय परीक्षकांच्या समाधानासाठीं होती. म्हणून बीजगणिताच्या जोडीला नव्या चिन्हांचीही परीक्षा तिला द्यावी लागली. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. अधिकाऱ्यांना आपण निर्माण केलेल्या अडचणीची कल्पनाच नव्हती, असें केलर यांनीं स्वतः नमूद केलें असून कोणासही दोष दिलेला नाहीं.

केलर १९५५ सालीं भारतांत येऊन गेल्या. येथें परीक्षेंतील सोयींचे नियम पुढें हळूहळू ठरत गेले. २०१३ सालच्या केंद्र सरकारच्या सूचनांनीं लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीस तासामागें निदान २० मिनिटें अधिक देण्याचें ठरविलें. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें ‘वाजवी सोय’ ही कल्पना कायद्यांत आणली. तरीही लिहितांना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवारास लेखनिक नाकारला गेला. कारण ठरावीक प्रमाणाचें अपंगत्व त्याच्या नांवावर नव्हतें. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो नकार अयोग्य ठरविला आणि विद्यार्थ्याची प्रत्यक्ष गरज हीच सोयीची कसोटी मानली.

दीर्घ आजार किंवा व्यंग असलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज आजही एखाद्या परीक्षाधिकाऱ्याच्या मेजावर येतो. त्या वेळीं नियमांचें पुस्तक उघडण्यापूर्वीं, ‘तुम्ही अभ्यास कसा करतां?’ एवढें त्या विद्यार्थ्यास विचारावें. १८९९ सालीं हाच एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. आणि त्यास खर्च कांहींच नव्हता.