माथेरान रेल्वेचे वाफ एंजिन

नेरळ ते माथेरान या डोंगरी लोहमार्गावर १९०७ पासून १९८२ पर्यंत वापरात असलेले, लवचिक आसांचे व सहा जोडचाकांचे अरुंदमापी वाफ एंजिन. जर्मनीतील ओरेनश्टाइन अँड कोपेल या कंपनीने १९०५–०७ या काळात अशी चार एंजिने तयार केली. रुळांमधील अंतर अवघे ६१० मिमी. (२ फूट), चढ २० मीटरला १ मीटर आणि वळणे अतिशय तीव्र, अशा मार्गावर या चार एंजिनांनी पाऊण शतक प्रवासी वाहतूक केली. भारतातील डोंगरी रेल्वेच्या इतिहासात त्यांचे महत्त्व आकारामुळे नाही, तर वळणाचा प्रश्न सोडविण्याच्या त्यांच्या निराळ्या पद्धतीमुळे आहे.

माथेरानचे पठार १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्या पाहणीनंतर थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आले. मुंबईहून नेरळपर्यंत रेल्वेची सोय असली, तरी तेथून वर जाण्यास घोडा, डोली किंवा पाय एवढीच साधने होती. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल पुरविले व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये बांधकाम हाती घेतले. सु. १६ लाख रुपये खर्च होऊन २२ मार्च १९०७ रोजी मार्ग खुला झाला. नेरळ व माथेरान या स्थानकांच्या उंचीत सु. ७६० मी. फरक आहे आणि तो सु. २१ किमी. अंतरात चढावा लागतो. एवढा चढ असूनही निलगिरी रेल्वेप्रमाणे दातेरी रुळाचा आधार येथे घेतलेला नाही. गुळगुळीत रुळावर चाकांची जी पकड बसेल, तेवढ्यावरच एंजिनाला भिस्त ठेवावी लागे.

या योजनेचे सल्लागार एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हे हलक्या अरुंदमापी रेल्वेचे कट्टर पुरस्कर्ते होते. १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीनिमित्त ते भारतात आले. मुख्य लोहमार्ग ज्या गावांना वगळून जातो, त्यांना स्वस्त व हलक्या मार्गाने जोडावे, असा त्यांचा आग्रह होता. नाशिक हे अशा गावाचे ठळक उदाहरण. शहर आणि नाशिक रोड स्थानक यांत सु. ८ किमी. अंतर होते. १८८९ मध्ये या दोहोंना जोडणारी ७६२ मिमी. (अडीच फूट) मापाची ट्राम सुरू झाली, तिचेही सल्लागार कॅलथ्रॉपच होते. आरंभी ती घोडे ओढीत. १९३१–३३ च्या सुमारास ती बंद पडली. त्यानंतर १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत त्यांनी आपली कल्पना पूर्णत्वास नेली. तेथे एंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर ५ टनांचाच भार येईल, असे गणित बसविलेले होते. इंग्लंडात परतल्यावर हवाई छत्रीच्या संशोधनामुळे कॅलथ्रॉप यांचे नाव गाजले, परंतु दख्खनमधील त्यांचे काम त्याहून अधिक काळ उपयोगी पडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

बार्शीचा मुलूख सपाट असल्याने तेथे आठ जोडचाकांचे एंजिन सहज चालू शकले. माथेरानच्या डोंगरात तसे एंजिन वळणालाच अडकले असते. एंजिनाचे आस एकाच ताठ चौकटीत परस्परांना समांतर बसविलेले असले, तर पहिल्या व शेवटच्या आसांतील अंतर जितके जास्त, तितकी चाकांची कड वळणावरील रुळावर अधिक घासते. रूळ व चाक दोन्ही झिजतात आणि प्रसंगी चाक रुळावर चढून गाडी घसरते. आस जवळजवळ आणून चाकांची संख्या कमी करणे, हा एक उपाय. दार्जिलिंग रेल्वेचे १८८९ पासून बांधले गेलेले ‘बी’ वर्गाचे चार चाकी एंजिन त्या प्रकारचे आहे. मात्र चार चाकांवर घालता येणारे वजन मर्यादित असते. पुढेमागे न चालविलेली मार्गदर्शक चाके बसविली, तर एंजिन वळते खरे, पण त्या चाकांवर पडलेले वजन पकडीच्या कामी येत नाही. २० ला १ या चढावर गाडीच्या दर टनामागे केवळ गुरुत्वाकर्षणापोटी ५० किग्रॅ. ओढ लागते; वळणाचे घर्षण वेगळेच. म्हणून एंजिनाचे सारे वजन चालत्या चाकांवर हवे आणि तरीही ती चाके वळली पाहिजेत, असा हा पेच होता.

संधियुक्त एंजिन हे या पेचाचे प्रसिद्ध उत्तर होय. त्यात चालत्या चाकांचे दोन स्वतंत्र गट करून ते एकमेकांपासून निराळे वळू देतात. रॉबर्ट फेअर्ली यांचे दुतोंडी एंजिन (१८६४ चे एकस्व), आनातोल माले यांचे संयुक्त प्रसरणाचे एंजिन (१८८४) आणि हर्बर्ट गॅरट यांचे दोन एंजिन-गटांमध्ये बाष्पित्र टांगलेले एंजिन (१९०७) हे त्याचे मुख्य प्रकार. गॅरट पद्धतीची पहिली दोन एंजिने १९०९ मध्ये टास्मानियातील ६१० मिमी. मार्गासाठी तयार झाली. १९११ मध्ये त्याच मापाचे एक एंजिन दार्जिलिंगला आले, पण त्याची जोडी पुढे मागविली गेली नाही. बंगाल–नागपूर रेल्वेने मात्र रुंद मार्गावर या प्रकाराचा सढळ वापर केला. या सर्व रचनांतील नाजूक जागा एकच : वाफ हलत्या गटाकडे न्यायची, तर नळाला हलता सांधा द्यावा लागतो आणि तो गळू न देणे हे कायमचे काम होऊन बसते. शिवाय बहुतेक प्रकारांत चार सिलिंडर लागत असल्याने खर्च व देखभालही वाढते.

माथेरानच्या एंजिनात हा सांधा टाळलेला आहे. त्यातील चौकट अखंड, बाष्पित्र एक व सिलिंडर दोनच होते. लवचिकता होती ती टोकाच्या दोन आसांच्या पोटात. सॅक्सनीच्या शासकीय रेल्वेतील क्लीन व लिंडनर या अभियंत्यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. तीत एक भरीव आस नेहमीप्रमाणे चौकटीतील धारव्यांत फिरतो व बाहेरून जोडदांड्याने चालविला जातो. या आसावर एक पोकळ आस नळीसारखा चढविलेला असून चाके त्या पोकळ आसाला पक्की बसविलेली असतात. दोहोंची गाठ मधोमध एका गोलाकार सांध्यात पडते. तेथील खिळीमुळे भरीव आसाचे फिरणे पोकळ आसाला मिळते, मात्र पोकळ आस थोडा तिरपा होऊ शकतो व बाजूलाही सरकू शकतो. परिणामी वळणावर चाके रुळाप्रमाणे वळतात, पण जोडदांडे आपल्या पातळीतून ढळत नाहीत. मधला आस तेवढा ताठ राहतो. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने रणभूमीवरील हलक्या मार्गांसाठी जी आठ चाकी एंजिने हजारोंनी बांधली, त्यांच्याही टोकाच्या आसांत हीच युक्ती होती.

रचना मुक्त दोषांची नव्हती. गोलाकार सांधा चाकांमध्ये दडलेला असल्याने तेथे वंगण पोचविणे व झीज तपासणे अवघड असते. मात्र माथेरानला गाड्या थोड्या, वेग कमी (आजही कमाल मर्यादा ताशी २० किमी. आहे) आणि पावसाळ्यात मार्ग बंद, त्यामुळे दुरुस्तीला दरवर्षी निवांत काळ मिळे. उतरताना गाडी आवरण्याचे काम एकट्या एंजिनावर न टाकता डब्यांवरही ब्रेक लावणारे कर्मचारी नेमलेले असत. १९५० नंतरच्या दशकात युंग या जर्मन कंपनीची डीझेल एंजिने आली, तरी वाफ एंजिने १९८२ पर्यंत टिकली. त्यांपैकी एक नेरळ स्थानकाजवळ व एक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले असून एक इंग्लंडमध्ये गेले आहे. पुढे हौशी प्रवाशांसाठी वाफेची गाडी चालवावयाची ठरली, तेव्हा नेरळला आणावे लागले ते दार्जिलिंगचे ‘बी’ वर्गाचे एंजिन. म्हणजे ज्या उपायाला माथेरानने १९०७ मध्ये बगल दिली होती, त्याचाच आधार अखेरीस घेतला गेला. अलीकडे एका डीझेल एंजिनाला जुन्या वाफ एंजिनाचे बाह्यरूप देण्यात आले आहे. ते प्रवाशांना आवडते. पण त्यावरून मूळ यंत्र कसे वळत असे, हे कोणाला समजणार नाही.

ही समज टिकविण्याचे काम आज बऱ्याच अंशी लहान प्रतिकृती करतात. येथे शोभेच्या प्रतिकृती अभिप्रेत नाहीत, तर स्वतःच्या बाष्पित्रात पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती होत. १ फुटाला १६ मिमी. हे प्रमाण (सु. १ : १९) घेतले, की ६१० मिमी. मार्ग ३२ मिमी. रुळांवर उतरतो. बागेत मांडलेल्या अशा मार्गाचे वळण ९० सेंमी. त्रिज्येचे असले, तर मूळ मापात ते सु. १७ मी. होते, म्हणजे डोंगरी रेल्वेलाच शोभणारे. साहजिकच अरुंदमापी संधियुक्त एंजिनांच्या प्रतिकृती हौशी कारागिरांना प्रिय आहेत. वाफेचे गुणधर्म मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी १९ पटींनी घटली, की पृष्ठभाग ३६१ पटींनी व घनफळ सु. ६,८५९ पटींनी घटते. त्यामुळे आतील थोड्या पाण्याच्या मानाने उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फार मोठा राहतो आणि वाफ वाटेतच थंड होऊ लागते. म्हणून बाष्पित्राला आवरण घालतात, नळ आखूड ठेवतात व कोळशाऐवजी बहुधा ब्यूटेन वायू जाळतात. गॅरट एंजिनाच्या प्रतिकृतीत हलत्या सांध्याची जुनी अडचण जशीच्या तशी उभी राहते, आणि तेथे लवचिक नळी किंवा रबरी कडी वापरून ती भागवितात.

क्लीन–लिंडनर आसाची गोष्ट याहून कठीण. ३२ मिमी. अंतरावरील दोन चाकांमध्ये भरीव आस, त्यावर पोकळ आस आणि मधोमध गोलाकार सांधा बसवावयाचा, तर सांध्याचा व्यास काही मिलिमीटरच राहतो व त्यातील खिळी सुईएवढी होते. सोपी वाट म्हणजे टोकाच्या आसांना बाजूला सरकण्यास थोडी मोकळीक देणे. एंजिन त्यानेही वळते, परंतु चाके रुळाच्या दिशेला तिरपी होत नाहीत. दोहोंतील फरक वरून दिसत नाही; एंजिन उलटे करून चाकांमधील आस पाहिला, तरच तो कळतो.