जनसुनावणी : ऐकून घेणं आणि दखल घेणं

मंडळी, ‘ऐकून घेतलं’ आणि ‘दखल घेतली’ यांत फरक आहे, हे आपल्याला सरकारी कचेरीत गेलं की कळतं. आपल्याकडच्या पर्यावरण जनसुनावणीचा इतिहास मी या फरकातूनच पाहतो.

२७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेनं ठरावीक प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. पण लोकांसमोर जाण्याची सक्ती नव्हती. ती आली १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीनं.

मग १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना आली. तिच्यात सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस आहे, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष आहे, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण आहे. लोकांचे मुद्दे शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे. लेखी हरकतीही घेता येतात. म्हणजे ऐकून घेण्याची व्यवस्था चोख झाली. तरी जाडजूड अहवाल इंग्रजीत आणि लोकभाषेत फक्त त्याचा सारांश, एवढीच सक्ती राहिली. शिवाय सुनावणीला किमान उपस्थितीची अट नाही. मंडप रिकामा असला तरी ती सुरू होऊ शकते.

आणि हरकतींचं पुढे काय? हा प्रश्न गोव्यातून आला. दक्षिण गोव्यातल्या एका खाणीच्या मंजुरीला उत्कर्ष मंडळानं दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. नोव्हेंबर २००९ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की अहवालाचा सारांश लोकांना ३० दिवस आधी मिळालाच पाहिजे आणि तज्ज्ञ समितीनं एखादी हरकत का मानली किंवा का फेटाळली, याची कारणं द्यायला हवीत. एकाच दिवशी ढीगभर प्रकल्प हातावेगळे करण्याच्या पद्धतीवरही न्यायालयानं बोट ठेवलं. म्हणजे बोलण्याचा हक्क आधीच होता. उत्तर मिळण्याचा हक्क आता शब्दांत आला.

हे मिळालेलं टिकतंच असं नाही. २०२० च्या मसुद्यात ३० दिवसांचे २० करायचं सुचवलं होतं. त्या मसुद्याचं आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करा, म्हणजे मराठी-कोकणीतही, असं ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

म्हणून आपल्या भागात सुनावणी झाली, तर गर्दी किती होती एवढंच विचारू नका. इतिवृत्त मागवा, समितीच्या बैठकीची नोंद काढा आणि प्रत्येक हरकतीपुढे कारण लिहिलंय का, ते बघा. तिथं कोरं असेल, तर नुसतं ऐकून घेतलंय.