दुरंगी रंगकाम (प्रतिकृती मोटारींवरील)

ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या मोटारीच्या प्रतिकृतीवर, एकाच सुट्या भागावर दोन रंग स्वच्छ सीमारेषा राखून देण्याचे तंत्र. टप एका रंगाचा आणि खालचा सांगाडा दुसऱ्या रंगाचा, हा त्याचा ठळक प्रकार. मात्र प्रत्यक्षात या तंत्राची गरज याहून जास्त वेळा पडते. खऱ्या मोटारीत पत्रा, काचेभोवतीचे रबर, क्रोमची पट्टी आणि बंपरचे काळे प्लास्टिक हे वेगवेगळे भाग असतात. जोडणी संचात ते बहुधा एकाच साच्यातून एकसंध निघतात. त्यामुळे मूळ गाडी एकरंगी असली तरी तिच्या प्रतिकृतीचे बरेच भाग दुरंगीच रंगवावे लागतात.

पार्श्वभूमी : १९२०च्या दशकात ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे झटपट सुकणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर अमेरिकेत मोटारींसाठी वापरात आले आणि जुन्या, फार सावकाश सुकणाऱ्या व्हार्निशची जागा त्याने घेतली. दुरंगी गाड्यांची आवड वाढली, पण दोन रंगांमधली रेषा राखताना कारागिरांची तारांबळ उडे : चिकटवलेला कागद काढताना खालचा रंगही सोलून निघे. मिनेसोटातील सेंट पॉल येथे ही अडचण पाहून ३एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५मध्ये मास्किंग टेप तयार केली. आज प्रतिकृतीकाराचे जे मुख्य साधन आहे, ते असे दुरंगी मोटारींसाठीच जन्मले.

अमेरिकेत दुरंगी मोटारींचा बहर १९५०च्या दशकात होता. याच काळात एएमटी कंपनी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती बनवत असे. १९५८मध्ये तिने १/२५ प्रमाणातील ‘थ्री इन वन’ जोडणी संच आणले आणि रंगकाम ग्राहकाच्या हाती गेले. अमेरिकी संचांत १/२५ व जपानी संचांत १/२४ ही प्रमाणे रूढ आहेत.

प्रमाणाचा प्रश्न : १/२४ प्रमाणात पाव मिलिमीटरचा वाकडेपणा मूळ गाडीवरच्या ६ मिलिमीटरइतका दिसतो. जाडीचेही तसेच. खऱ्या गाडीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०·१ मिलिमीटर भरतात. ते त्याच प्रमाणात लहान करायचे तर प्रतिकृतीवर ०·००४ मिलिमीटर जाडीचा थर द्यावा लागेल. हाताने ते साधत नाही. म्हणून पातळ हात देणे आणि दोन रंगांची सीमा मूळ गाडीतल्या खाचेवर, कंगोऱ्यावर किंवा पट्टीखाली नेणे, हेच या कामाचे मुख्य सूत्र ठरते. दारांच्या व बॉनेटच्या फटी अस्तर लावण्याआधी टोकदार हत्याराने किंचित खोल करून घेतल्या तर सीमा त्या खाचेत लपते.

मूळ गाडीचा अभ्यास : सीमा कुठून जाते हे छायाचित्रांवरून आधी ठरवावे लागते. १९५७च्या शेव्हरोलेमध्ये मागच्या फेंडरवर दोन चकचकीत पट्ट्यांमध्ये एक निमुळता भाग आहे. ‘बेल एअर’ या वरच्या श्रेणीत तिथे बारीक रेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा असे, तर ‘टू-टेन’ श्रेणीच्या दुरंगी गाडीत तो भाग टपाच्या रंगात रंगवलेला असे. हा फरक नजरेतून सुटला की एका गाडीच्या अंगावर दुसरीचे रंगकाम दिसते. टोयोटाच्या एई८६ ‘ट्रुएनो’ (१९८३–८७) गाडीची पांढऱ्या-काळ्या रंगातली ‘पांडा’ जोडी ‘इनिशियल डी’ या जपानी चित्रमालिकेमुळे जगभर पोचली. अशा गाडीचा काळा पट्टा दार, फेंडर आणि बंपर या तिन्हींवरून एका ओळीत जायला हवा. त्यासाठी हे भाग रंगवण्यापूर्वी कोरडे जोडून पेन्सिलीने खुणा करतात.

रंगांचे प्रकार व क्रम : लॅकर, ॲक्रिलिक आणि इनॅमल हे तीन प्रकार वापरात आहेत. लॅकरचा थिनर सर्वांत तिखट. तो इनॅमलच्या थरावर पडला तर खालचा रंग सुरकुततो. लॅकर पूर्ण सुकल्यावर त्यावर इनॅमल मात्र निर्धास्त बसते. म्हणून मोठे रंग लॅकरचे आणि बारकावे इनॅमलचे, अशी वाटणी सोयीची. काचेभोवतीचे काळे रबर इनॅमलने रंगवताना ब्रश घसरला, तर इनॅमलच्या थिनरमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने डाग पुसता येतो व खालचा लॅकर शाबूत राहतो. हा थिनर सांध्यांत साचू देऊ नये, कारण ताणाखाली असलेले पॉलिस्टायरीन त्याने तडकते.

दोन रंगांपैकी फिका आधी, गडद नंतर, हा सर्वसाधारण नियम आहे. मुंबईची ‘काळी-पिवळी’ टॅक्सी हे त्याचे चांगले उदाहरण. फियाट ११०० वर बेतलेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे; तिची शेवटची टॅक्सी २००३मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३अखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. काळा सांगाडा आधी रंगवून त्यावर पिवळा टप दिला, तर पिवळ्याची झाकणशक्ती कमी असल्याने हातावर हात द्यावे लागतात; रंग हिरवट दिसतो आणि कडेला जाड वरंबा उरतो. पांढऱ्या अस्तरावर पिवळा दोन-तीन पातळ हातांत भरतो. मग टप झाकून काळा दिला की तो एका-दोन हातांत बसतो.

टेप लावणे : टेपच्या गुंडाळीची कड धुळीने माखलेली व बोथट असते. म्हणून टेप काचेवर चिकटवून पोलादी पट्टी व नव्या पात्याने तिची ताजी कड कापून घेतात. सीमेवर दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी लावतात, वळणांवर ताणली जाणारी व्हिनाइलची पट्टी वापरतात आणि उरलेला भाग रुंद टेप व कागदाने झाकतात. कड दातकोरणीच्या बोथट टोकाने दाबून बसवतात.

यानंतरची पायरी नवशिके हमखास गाळतात. टेपच्या कडेवर दुसरा रंग मारण्याआधी पहिल्याच रंगाचा किंवा पारदर्शक लॅकरचा एक हलका हात देतात. टेपखाली कुठे फट राहिली असेल तर ती या हाताने भरते; पाझरलेला थर खालच्या रंगाशी एकजीव असल्याने दिसत नाही. मग दुसरा रंग एअरब्रशने सुमारे १ ते १·५ बार दाबावर, टेपकडून उघड्या भागाकडे फवारतात. उलट दिशेने फवारले तर रंग कडेखाली घुसतो. रंग बोटाला चिकटेनासा झाला, पण पुरता कडक झाला नाही, अशा वेळी टेप स्वतःवरच मागे दुमडून हळूहळू ओढतात. पूर्ण सुकल्यावर काढल्यास कड तुटून दातेरी होते.

सुटे भाग : बंपर, सीट, डॅशबोर्ड आणि चाके यांवर टेपपेक्षा ब्रश व थिनर जास्त उपयोगी पडतात. चाकांच्या आऱ्यांमधले काळे खळगे पातळ इनॅमल ओतून भरतात आणि वरचा चंदेरी भाग पुसून घेतात. सीटचे दुरंगी कापड दाखवताना एक रंग पूर्ण मॅट व दुसरा किंचित चमकदार ठेवला तर एकाच छटेतही फरक कळतो. संचातले क्रोमचे भाग रंगवायचे असल्यास घरगुती ब्लीचमध्ये बुडवून आधी क्रोम उतरवतात. सांगाड्यावरची क्रोमपट्टी अतिशय पातळ, चिकट धातुवरख लावून, दाबून बसवून नव्या पात्याने कापतात. दोन रंगांची सीमा पट्टीवर असेल तर वरखाखाली तीही झाकली जाते.

हवामान व सुरक्षा : पावसाळ्यात मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत लॅकर पांढुरके पडते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. कोरडा दिवस निवडणे किंवा सावकाश उडणारा थिनर मिसळणे हा उपाय. लॅकरच्या वाफेपुढे साधा धुळीचा मास्क निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या गाळण्यांचा मास्क आणि मोकळी हवा आवश्यक असते.

दोष व दुरुस्ती : रंग पाझरून आलेली केसासारखी रेघ कडक सुकल्यावर पात्याच्या पाठीने अलगद खरवडता येते. सीमेवरचा वरंबा पारदर्शक लॅकरचे तीन-चार हात दिल्यावर २००० नंबरच्या पाणपेपरने ओला घासून सपाट करतात. पारदर्शक थराआधी घासल्यास रंगच उडतो. साध्या रंगावरचा ठिगळ-हात निभावतो. धातुछटेच्या रंगात मात्र चंदेरी कण दर हाताला वेगळे बसत असल्याने ठिगळ उठून दिसते, आणि तो भाग एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत पुन्हा रंगवावा लागतो.