'ढ' कोणी ठरवायचं? लंडनच्या शाळांचा एक धडा

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला 'ढ' या अक्षराचा दुसरा अर्थ माहीत असतो. वर्गात एकदा कुणाला 'ढ' म्हटलं की ते अक्षर त्याला चिकटतं. मास्तर त्याला प्रश्न विचारायचे थांबतात आणि काही दिवसांनी ते पोरही हात वर करायचं थांबतं. आज आपण अशा एका समाजाचा इतिहास पाहणार आहोत, ज्याची मुलं सरकारी कागदावर 'ढ' ठरली, आणि ज्याच्या आईबापांनी तो शिक्का मान्य करायला नकार दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. १९४८पासून जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस अशा कॅरिबियन बेटांवरून माणसं येऊ लागली. बस, रेल्वे, इस्पितळं त्यांच्या श्रमावर चालली. पुष्कळ ठिकाणी आधी आईवडील आले आणि मुलं आजीपाशी राहिली. काही वर्षांनी त्या मुलांना बोलावून घेतलं गेलं. आता विचार करा. जिनं वाढवलं ती आजी मागे राहिली, आईवडील जवळजवळ अनोळखी, बाहेर कधी न पाहिलेली थंडी, वर्गात चेष्टा. अशा अवस्थेतल्या मुलासमोर बुद्धिमापनाची चाचणी ठेवली जायची.

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर तिथे मुलांचा एक वर्ग ठरवण्यात आला होता, 'एज्युकेशनली सबनॉर्मल'. म्हणजे शिकण्यात सामान्यांहून खालचे. त्यांच्यासाठी शाळा वेगळ्या. तिथे अभ्यास जेमतेम असायचा आणि बहुतेक मुलं कुठलंही प्रमाणपत्र हाती न घेता बाहेर पडायची. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाच्या १९६७च्या अहवालात आकडे आहेत. साध्या शाळांत स्थलांतरितांची मुलं सुमारे १५ टक्के होती, या खास शाळांत २८ टक्के. आणि त्या २८ टक्क्यांतली सुमारे तीन चतुर्थांश कॅरिबियन कुटुंबांतली होती. त्यांतली काही मुलं चुकून इथे आली आहेत असं मुख्याध्यापकांनाही वाटत होतं. तरी मुलं येतच राहिली.

हे आकडे सामान्य पालकांपर्यंत पोहोचवले ते बर्नार्ड कोर्ड यांनी. ग्रेनाडा बेटावरून आलेले हे तरुण शिक्षक अशाच शाळांत शिकवत होते. १९७१मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. ब्रिटिश शाळाव्यवस्थेत वेस्ट इंडियन मूल 'सबनॉर्मल' कसं बनवलं जातं, असं तिचं नाव. त्यातला 'बनवलं जातं' हा शब्द महत्त्वाचा. मूल तसं नसतं, तसं केलं जातं.

कसं? कोर्ड यांनी चाचण्यांतले तीन दोष दाखवले. पहिला, भाषा आणि संस्कृतीचा. नळाला लंडनमध्ये 'टॅप' म्हणतात, कॅरिबियन घरात 'पाइप'. मुलाला नळ माहीत असतो, फक्त परीक्षकाचा शब्द माहीत नसतो, आणि गुण जातात ते बुद्धीच्या खात्यातून. दुसरा दोष मध्यमवर्गीय वळणाचा. आणि तिसरा मनाचा. बावरलेल्या, दुखावलेल्या मुलाचं उत्तर अडखळतं, आणि तपासणारा त्या दुःखालाच मंदबुद्धी म्हणतो. पुढे कोर्ड सांगतात की शिक्षकाची अपेक्षा कमी होते, मग मुलाची स्वतःविषयीची अपेक्षा कमी होते, आणि शेवटी शिक्क्यावर लिहिलेलं खरं ठरतं.

ही पुस्तिका पंडितांसाठी नव्हती, पालकांसाठी होती. पालकांनी ती वाचली, सभा घेतल्या, शाळांत जाऊन जाब विचारला. त्याच्या जोडीला शनिवारच्या पूरक शाळा होत्या. १९६९मध्ये जॉन ला रोज यांनी उत्तर लंडनमधल्या आपल्या घरीच जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने अशी शाळा सुरू केली होती. अशा शाळा आता वाढल्या. वाचन, गणित, आणि आपल्या माणसांचा इतिहास. ज्याला आठवडाभर 'तुला जमणार नाही' असं वाटायला लावलं, त्याच्याकडून शनिवारी कुणीतरी उत्तराची अपेक्षा करत होतं. आज आपण 'मानसिक स्वास्थ्य' म्हणतो, त्याची सुरुवात तिथे या अपेक्षेपासून झाली.

सरकार उशिरा हललं. १९८१च्या कायद्याने 'सबनॉर्मल' हा वर्ग मोडीत काढला. १९८५च्या स्वान समितीने सांगितलं की हा प्रश्न फक्त काळ्या किंवा आशियाई मुलांचा नाही, सगळ्याच मुलांच्या शिक्षणाचा आहे. शाळांनी वंशद्वेषविरोधी धोरणं लिहायला घेतली.

पण धोरण लिहिलं म्हणजे झालं का? १७ सप्टेंबर १९८६ रोजी मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलच्या आवारात तेरा वर्षांच्या अहमद इक्बाल उल्ला या बांगलादेशी कुटुंबातल्या मुलाला शाळेतल्याच एका गोऱ्या मुलाने भोसकून मारलं. लहान मुलांना त्रास दिला जात होता, तेव्हा अहमद त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. आणि या शाळेत वंशद्वेषविरोधी धोरण होतं! वकील इयन मॅकडोनाल्ड यांच्या चौकशी समितीने वंशद्वेष शाळेत आहेच असं बजावून सांगितलं, पण शाळेने तो ज्या पद्धतीने हाताळला तिच्यावरही बोट ठेवलं. धोरण वरून लादलेलं आणि देखाव्यापुरतं होतं. गोरी मुलं आणि त्यांचे कष्टकरी पालक यांना त्यात जागाच नव्हती. ते फक्त आरोपी होते. त्यामुळे मुलं जवळ येण्याऐवजी आणखी दुरावली.

हे दोन प्रसंग आपण शेजारी ठेवून पाहू. चाचणी घेणारे स्वतःला शास्त्रीय समजत होते, बर्नेजचे धोरणकर्ते न्यायी समजत होते. दोघांनीही मुलांबद्दलचे निर्णय पालकांना बाजूला ठेवून घेतले. जिथे आईबाप आणि शिक्षक एकत्र बसले, तिथे मुलाची मान वर झाली. जिथे सगळं कागदावरच राहिलं, तिथे चांगला हेतूसुद्धा मुलाचं रक्षण करू शकला नाही.

आपल्याकडे मेळघाटात कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं आणि मराठी प्रश्नावर गप्प राहतं. त्याच्या नावापुढे शेरा मारण्याआधी आपण एवढंच विचारू या: त्याला उत्तर येत नाही, की आपला शब्द येत नाही?