जुन्या स्पोर्ट्स कारची तेलगळती : सिंगापूरमधील मालकांसाठी मार्गदर्शन

सिंगापूरमध्ये मोटार रस्त्यावर ठेवण्यासाठी ‘सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट’ अर्थात सीओई हा परवाना लागतो. 1990 मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत परवान्याची मुदत 10 वर्षांची असते. मुदत संपताच मालकाला गाडीची नोंदणी रद्द करावी लागते, अथवा गेल्या तीन महिन्यांच्या बोलींवरून ठरणारी सरासरी रक्कम भरून परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. भारतात खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी होते आणि पुढे तुलनेने अल्प खर्चात वाढवता येते. त्या सवयीच्या मराठी कुटुंबांना हा हिशेब प्रथम चकित करतो. त्यामुळेच येथे जुनी गाडी जपणाऱ्याला इंजिनाखाली दिसणाऱ्या तेलाच्या थेंबाचाही विचार दोन अंगांनी करावा लागतो : दुरुस्तीला किती खर्च येईल आणि गाडीची किती वर्षे शिल्लक आहेत.

थेंब पडतो तेथे गळती नसते

तेलगळतीच्या निदानातील सर्वांत महागडी चूक म्हणजे थेंबाची जागा हीच गळतीची जागा मानणे. तेल इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळते, वाऱ्याच्या झोताने मागे सरकते आणि सर्वांत खालच्या टोकावरून ठिबकते.

1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सादर झालेली माझदा एमएक्स-5 या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. तिच्या पहिल्या पिढीत सिलिंडर हेडच्या मागील बाजूस, कॅमशाफ्टच्या टोकाशी, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्यावरील रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते. तेथून निसटलेले तेल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापर्यंत उतरते. पाहणाऱ्याला वाटते, क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गेले. ते बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ओ-रिंग मात्र अत्यंत स्वस्त असते आणि गिअरबॉक्सला हात न लावता बदलता येते. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या मूळ स्थितीची खूण करून ठेवणे आवश्यक आहे. तो किंचित जरी फिरला तरी इग्निशनचे टायमिंग बदलते.

निदानाचा क्रम

प्रथम इंजिन स्वच्छ धुऊन कोरडे करावे. नंतर थोडी गाडी चालवून, इंजिन निवल्यावर विजेरीच्या प्रकाशात वरून खाली पाहत यावे. सर्वांत वरचा ओला भाग हाच खरा संशयित. तरीही उलगडा न झाल्यास तेलात विशेष रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली तपासणी करता येते.

गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवल्यास द्रवाची ओळख पटते. तपकिरी वा काळसर द्रव म्हणजे बहुधा इंजिन ऑइल, लालसर म्हणजे बहुधा पॉवर स्टिअरिंगचे तेल, तर हिरवट आणि गोडसर वासाचा द्रव म्हणजे कूलंट. स्वच्छ पाणी हे बहुतेक वेळा वातानुकूलन यंत्रणेचे असते आणि सिंगापूरच्या दमट हवेत ते स्वाभाविकच आहे. फिकट पिवळा, पातळ द्रव ब्रेकचा किंवा क्लचचा असू शकतो. ब्रेकची शंका आल्यास गाडी चालवू नये.

स्वस्तापासून महागाकडे

सुरुवात पीसीव्ही व्हॉल्व्हपासून करावी. तो तुंबला की इंजिनातील दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवी सीलही फार काळ टिकत नाहीत. त्यानंतर टॅपेट कव्हरचे पॅकिंग पाहावे. त्याचे बोल्ट गळती थांबावी म्हणून जोराने आवळणे घातक ठरते. कव्हर वाकते, पॅकिंग चिरडले जाते आणि गळती वाढते. कॅमशाफ्टची आणि क्रँकची पुढची सील टायमिंग बेल्ट बदलतानाच बदलावीत, म्हणजे मजुरी दुप्पट होत नाही. मागचे मुख्य सील खरोखरच गेले असेल, तर गिअरबॉक्स उतरवलेला असतानाच क्लचही तपासून घ्यावा.

किरकोळ बिघाडांनाही हाच न्याय लागू होतो. एमएक्स-5च्या इंजिनातील टकटक अनेकदा ताजे, योग्य प्रतीचे तेल भरल्यावर कमी होते. कापडी छताखालील निचऱ्याची छिद्रे पालापाचोळ्याने बुजली, तर वर्षाला सुमारे 2,100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या बेटावर पाणी आत साचून दाराखालचा पत्रा गंजतो. छिद्रे साफ करण्यास काही मिनिटे पुरतात. गंजलेला पत्रा कापून नवा जोडण्याचे काम मात्र मोठे असते.

दुरुस्ती कोठे, आणि कोठवर

बहुसंख्य रहिवासी सरकारी गृहसंकुलांत राहत असल्याने स्वतःचे गॅरेज दुर्मीळच. बहुमजली वाहनतळ हे दुरुस्तीचे ठिकाण नव्हे आणि वापरलेले तेल पावसाळी गटारात जाता कामा नये. म्हणून सिन मिंग, काकी बुकिट किंवा उबी येथील कार्यशाळा गाठणे श्रेयस्कर. तेथे ‘तेल गळते, पाहा’ एवढेच न सांगता धुतलेल्या इंजिनाची छायाचित्रे दाखवावीत आणि गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी गळतीचे मूळ प्रत्यक्ष दाखवण्यास सांगावे.

दहा वर्षे उलटल्यावर गाडीची तपासणी दरवर्षी होते. रस्ताकरावरील अधिभार 10 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. सीओईचे नूतनीकरण केल्यास नोंदणी रद्द करताना मिळू शकणारा पीएआरएफ परतावाही गमवावा लागतो. पाच वर्षांचे नूतनीकरण पुन्हा वाढवता येत नाही. दहा वर्षांचे येते. परवान्याचे अखेरचे वर्ष उरले असता इंजिन उघडण्यात अर्थ नसतो. दहा वर्षांचे नूतनीकरण ठरले असेल, तर सर्व सील एकाच वेळी बदलणे शहाणपणाचे. म्हणून नूतनीकरणाची रक्कम भरण्यापूर्वीच सखोल तपासणी करून घ्यावी.

तिसरा मार्ग ‘क्लासिक’ वर्गाचा. किमान 35 वर्षे जुन्या गाडीला तो खुला असून वर्षातून 45 दिवसांपर्यंतच ती रस्त्यावर आणता येते. 1989 मध्ये नोंदवलेल्या एमएक्स-5ने ही वयोमर्यादा 2024 मध्ये गाठली. उभ्या राहणाऱ्या गाडीची सील मात्र कोरडी पडतात. म्हणून अनुमती असलेल्या दिवसांचा वापर वर्षभर विखरून करावा आणि प्रत्येक फेरीत इंजिन पुरेसे तापू द्यावे.