अनुचित कामगार प्रथा (महाराष्ट्र)

अनुचित कामगार प्रथा म्हणजे मालक, व्यवस्थापन अथवा कामगार संघाचे कायद्याने निषिद्ध ठरवलेले वर्तन होय. महाराष्ट्र शासनाने १९६८ मध्ये नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर यासंबंधीचा १९७१ चा अधिनियम संमत झाला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने केलेली बडतर्फी, व्यवस्थापकीय धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली आणि गुणवत्ता डावलून केलेला पक्षपात यांचा समावेश आहे.

अधिनियमातील तरतुदीनुसार घटनेपासून ९० दिवसांत तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात, तर बदली व पक्षपाताची औद्योगिक न्यायालयात चालते. आकस सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असल्याने लेखी आदेश व पत्रव्यवहार महत्त्वाचे ठरतात. प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही.