अमेरिका : आदर आणि अढी

अमेरिकेविषयी युरोपातील काही विचारवंतांच्या मनात जी अढी दिसते, ती आजकालची नव्हे. अमेरिका स्वतंत्र राष्ट्र होण्यापूर्वीच तिचा प्रारंभ झाला होता. अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ ह्याने असा सिद्धांत मांडला की, नव्या जगाची हवा थंड व दमट असल्यामुळे तेथील प्राणी जुन्या जगातील प्राण्यांपेक्षा लहान व दुबळे निपजतात. पुढे इतर लेखकांनी हाच न्याय तेथील माणसांनाही लावला. टॉमस जेफरसन ह्यांना ही गोष्ट इतकी लागली की, फ्रान्समध्ये राजदूत असताना १७८७ साली त्यांनी मूस नावाच्या प्रचंड अमेरिकन सांबराचे अवशेष मायदेशाहून मागवून ब्युफाँकडे पाठविले. ब्युफाँ स्वतः अमेरिकेस कधीच गेला नव्हता.

चार्ल्स डिकन्स मात्र प्रत्यक्ष जाऊन आला. १८४२ साली तो निघाला तो राजा नसलेला देश पाहण्याच्या उत्साहाने. परतला तो निराश होऊन. गुलामगिरी पाहून त्याला आलेला संताप न्याय्यच होता. त्याच वेळी, आपली पुस्तके तेथे मोबदला न देता छापली जातात, हे शल्यही त्याच्या मनात होते. न्याय्य संताप आणि खाजगी गाऱ्हाणे अशी शेजारी-शेजारी नांदतात. अमेरिकेविरुद्धचे लेखन वाचताना ती वेगळी ओळखणे, हे वाचकाचे पहिले काम होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या अढीला नवे कारण मिळाले. तीन-चार शतके जगाला शहाणपण शिकविणारा युरोप उद्ध्वस्त होऊन पडला होता. १९४८ पासून मार्शल योजनेखाली सुमारे तेरा अब्ज डॉलरांचे साहाय्य अमेरिकेतून आले. त्यापूर्वी १९४६ साली फ्रान्सने अमेरिकेशी जो करार केला, त्यात कर्जमाफीबरोबर अमेरिकन चित्रपटांना फ्रेंच चित्रपटगृहे खुली करण्याचे कलमही होते. ज्याने हात देऊन उठवायचे, त्यानेच घरातील करमणूकही ठरवायची, हे अभिमानी माणसाला कसे रुचावे? उपकाराचे ओझे कर्जाहून जड असते. कर्ज फेडता तरी येते.

तथापि केवळ मत्सर म्हणून ह्या भावनेची बोळवण करता येणार नाही. झाँ-पॉल सार्त्र ह्याचेच पाहा. फॉकनरच्या कादंबऱ्यांवर त्याने आस्थेने लिहिले, १९४५ साली वार्ताहर म्हणून तो अमेरिका हिंडला, आणि १९४६ साली तेथील वर्णद्वेषावर त्याने नाटक लिहिले. १९५३ च्या जूनमध्ये रोझेनबर्ग पतिपत्नींना देहान्त शिक्षा झाली, तेव्हा त्याच्या लेखणीने अमेरिकेविरुद्ध अत्यंत कठोर शब्द वापरले. मात्र सोव्हिएट रशियातील अन्यायाला त्याने त्याच काळात तोच गज लावला नाही. त्याच्या टीकेतील सत्य आणि त्याच्या दृष्टीतील दोष ही दोन्ही मान्य केल्याशिवाय ह्या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

हा प्रश्न युरोपपुरताच आहे, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातही त्याची प्रतिबिंबे सापडतात. आणि तेथे तर प्रारंभ आदरापासून आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी दाखविलेल्या औदार्याबद्दल व त्यागाबद्दल, अर्पण केले. समुद्रापलीकडील अनोळखी लोकांना पुस्तक अर्पण करण्यामागे जोतीरावांचा स्पष्ट हेतू होता : तेथील गोऱ्या लोकांनी जे केले, त्याचा कित्ता येथील उच्चवर्णीयांनी गिरवावा. अमेरिका त्यांच्या लेखी एक उदाहरण होती.

पंडिता रमाबाई १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे त्या देशात राहिल्या. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली निघाले. तेथील स्त्रियांच्या संस्था, त्यांचे शिक्षण व संघटनशक्ती ह्यांची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्यांच्या शारदा सदनाला द्रव्यबळ मिळाले तेही बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळीकडून. असे असूनही, त्या देशातील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय त्यांनी झाकून ठेवला नाही. साहाय्य घेतले म्हणून टीका गिळावी लागत नाही, आणि टीका केली म्हणून कृतज्ञता उणी होत नाही, ह्याचा असा स्वच्छ दाखला विरळाच.

विसाव्या शतकातील उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी लहानपणीच वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे अण्वस्त्रांचे कट्टर विरोधक व जागतिक शांतता चळवळीचे कार्यकर्ते म्हणून त्यांनी अमेरिकन धोरणावर सडकून टीका केली. साम्राज्यवाद आणि शांतता ह्या विषयावरील त्यांचा लेख १९५१ साली प्रसिद्ध झाला तो न्यूयॉर्कच्याच ‘मंथली रिव्ह्यू’ मासिकात. तो काळ सिनेटर मॅकार्थी ह्यांच्या दहशतीचा होता, आणि तरीही असे मासिक तेथे निघत होते. अमेरिकेचा निषेध करणाऱ्यास व्यासपीठ मिळाले तेही अमेरिकेत.

कोसंबी साम्यवादी विचारांचे होते. त्यांच्या टीकेचे नवल वाटू नये. खरा कसोटीचा प्रसंग आला तो गोव्याच्या निमित्ताने. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर चार महिने लोटले नाहीत तोच, २ डिसेंबर रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा ह्यांचे संयुक्त पत्रक निघाले. त्यात आशियातील पोर्तुगीज मुलखांचा उल्लेख पोर्तुगालचे ‘प्रांत’ असा होता. पुढे वार्ताहरांनी विचारले असता डलेस ह्यांनी गोवा हा पोर्तुगालचा प्रांतच असल्याचे सांगितले.

ह्या एका शब्दाने कोण दुखावले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. साम्यवाद्यांना त्याने नवे काही शिकविले नाही. घायाळ झाले ते लोकशाहीवर निष्ठा असलेले लोक. सत्याग्रहाचे एक नेते ना. ग. गोरे हे लोकशाही समाजवादी. ते त्या वेळी गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते. पीटर आल्वारिस व त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे गोव्याचे कॅथलिक सुपुत्र मुक्तिलढ्यात अग्रभागी होते. गोव्याचा लढा म्हणजे हिंदूंनी ख्रिस्ती राज्यावर केलेली चढाई, हा पोर्तुगीज प्रचार ह्या नावांनीच खोटा ठरत होता. स्वतःच वसाहतीचे जोखड झुगारून जन्मास आलेले राष्ट्र सालाझारच्या हुकूमशाहीस असा आधार कसा देते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर अटलांटिक महासागरात होते : पोर्तुगाल १९४९ पासून ‘नाटो’चा सभासद होता आणि ॲझोर्स बेटांवरील विमानतळ अमेरिकेला हवा होता. त्याच दिवसांत भारताच्या दौऱ्यावर आलेल्या बुल्गानिन व ख्रुश्चॉव्ह ह्यांनी गोव्याबाबत भारताची बाजू उचलून धरली. मने कोणीकडे झुकली असतील, हे सांगणे नलगे.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडले स्टीव्हन्सन ह्यांनी, हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंताचा प्रारंभ ठरू शकेल, अशा आशयाचे भाषण केले. युद्धबंदी व माघारीच्या ठरावाच्या बाजूने सात व विरुद्ध चार मते पडली. रशियाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. तथापि ह्याच वर्षी मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिले होते, आणि पुढच्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले तेव्हा भारताच्या हाकेस ओ देऊन शस्त्रसाहाय्य पाठविले होते. रागाच्या भरात ह्या नोंदी गाळल्या जातात.

सामान्य जनांच्या आयुष्यात अमेरिका आली ती वेगळ्या वाटेने. सौंसरजवळचे जामसांवली हे गाव निजलेल्या हनुमंताच्या मूर्तीसाठी प्रसिद्ध आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला; २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. ह्या भागात संत्र्यांइतकाच कापूस महत्त्वाचा. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा नागपूर-वऱ्हाडकडील कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. सात समुद्रांपलीकडे झालेल्या निर्णयाचा फटका आपल्या शेताला बसावा, आणि त्या निर्णयात आपला शब्द नसावा, ही परिस्थिती मनात अढी निर्माण करतेच. १९५६ च्या करारान्वये अमेरिकन गहू रुपयांत मिळू लागला. त्याने असंख्य लोकांची भूक भागविली. पण १९६५-६६ च्या टंचाईत अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी तो हात राखून सोडला, कारण व्हिएतनामबद्दल भारताची टीका त्यांना रुचत नव्हती. अन्न पोहोचले, आणि अपमानही पोहोचला.

ह्याच मुलखाच्या बांधांवर व रस्त्यांच्या कडेला गाजर गवत माजलेले दिसते. ते अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे महाराष्ट्रात सर्वत्र सांगितले जाते. पुण्यात ते नजरेस आले १९५५ च्या सुमारास. म्हणजे वरील कराराच्या आधी. १९५१ च्या कर्जातूनही गहू आला होता, तेव्हा ही समजूत निराधार म्हणता येत नाही. परंतु रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या वनस्पतिसूचीत ह्या झाडाची नोंद आहे. लोकांना मात्र एकच कारण पुरते. एकदा अढी बसली की तणाचे मूळसुद्धा तिच्यातच शोधले जाते.

ह्या साऱ्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. १९७१ साली सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले, तेव्हा भारतभर अमेरिकेविरुद्ध संताप उसळला. त्यानंतर काही महिन्यांनीच, १९७२ साली, मुंबईत तरुण दलित लेखकांनी ‘दलित पँथर’ ही संघटना काढली, आणि तिचे नाव घेतले अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. शंभर वर्षांपूर्वी जोतीरावांनी गुलामांना मुक्त करणाऱ्यांना वंदन केले होते. आता त्या गुलामांच्या वंशजांशी नाते जोडले गेले. वॉशिंग्टनचे सरकार आणि अमेरिकेचा समाज ह्या दोन गोष्टी आहेत, हे ह्या तरुणांना कोणी शिकवावे लागले नाही.

युरोपातील विचारवंत काय किंवा महाराष्ट्रातील काय, अमेरिकेवर रागावतात ते बहुधा तिच्याच वचनाचा गज तिला लावून. सर्व माणसे समान आहेत, असे जाहीर करून जन्मलेल्या राष्ट्राने वचनभंग केला की तो अधिक बोचतो. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नव्हती, त्याच्यावर असा राग येत नाही. हा राग न्याय्य आहे. मात्र तोच गज मॉस्कोला, लिस्बनला आणि प्रसंगी दिल्लीलाही लावण्याची तयारी हवी. ती तयारी सुटली की टीकेचा द्वेष होतो, आणि मग ब्युफाँप्रमाणे, न पाहिलेल्या देशातील प्राणीही खुजे दिसू लागतात. रमाबाईंनी पाहिले, आभार मानले आणि दोषही सांगितले. त्यांचे पुस्तक मराठीतच आहे; ह्या बाबतीत मराठी वाचकाला गुरू शोधण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही.